लग्नाचे २,००० फोटो, ८ जीबी रॅम, जाणारी लाइन: फोटो एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

कापूसकोंड्या

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. वर्षभर पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रं, बारशी, आणि एप्रिल-मे आला की साक्षगंध, हळद, लग्न. कॅमेरा कॅनन १५००डी. कॉम्प्युटर सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही, विंडोज १०.

आतापर्यंत माझ्याकडे फोटोशॉप होतं ते कसलं होतं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्यांकडेही तेच असेल. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने मशीनसोबत ‘टाकून दिलेलं’. मागच्या महिन्यात त्याने नवीन क्रॅक टाकला, आधी अँटिव्हायरस बंद करायला लावला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या फाइलींच्या नावापुढे भलतंच शेपूट लागलेलं, स्क्रीनवर पैसे मागणारी चिठ्ठी. दोन लग्नं गेली. एकाचे मूळ फोटो कार्डात शिल्लक होते म्हणून वाचलो. दुसऱ्याच्या घरी जाऊन हात जोडले. नवरीचे वडील काही बोलले नाहीत, चहा दिला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

तर आता जे घेईन ते सरळ घेईन. पैसे थोडे आहेत. दुकानात वायरलाइन नेट नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला २ जीबी. लाइन (वीज) दुपारी जाते, कधी येईल तिचं तिला माहीत. आजवर जेपीईजीच काढत होतो, आता रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) शिकायचं म्हणतो, कारण भर दुपारच्या लग्नात नवरदेवाचा पांढरा फेटा जळून जातो. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

तर्रीपोहा

अडोबीचं लाइटरूम घे भाऊ अन् मोकळा हो. एक फोटो बनव, बाकी तीनशेवर तेच सिंक मार, चहा पे. हिंदीत यूट्यूबवर बम व्हिडिओ हायेत, अडलं त नागपुरात कोणालेही इचार. बाकी फुकटच्या भानगडीत कायले पडतं?

वाशीमकर_सध्या_पुणे

तर्रीपोहा म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ‘लाइटरूम’ म्हणताना कोणतं ते सांगायला हवं, नाहीतर कापूसकोंड्या भाऊ भलत्याच खड्ड्यात पडतील.

२००७ साली पहिलं लाइटरूम आलं तेव्हा ते एकदा विकत घ्यायचं सॉफ्टवेअर होतं. तशा पद्धतीचं शेवटचं म्हणजे २०१५ चं लाइटरूम ६. २०१७ च्या ऑक्टोबरात अडोबीने त्याचे दोन केले: ‘लाइटरूम क्लासिक’ म्हणजे जुनंच, फोटो तुमच्या हार्डडिस्कवर, आणि नुसतं ‘लाइटरूम’, ज्याचा मुख्य रोख मूळ फोटो क्लाउडवर चढवण्यावर. आता तुमचा हिशोब करू. १५००डीची एक रॉ फाइल २५ एमबीच्या आसपास धरा. एका लग्नाचे २,००० फोटो म्हणजे ५० जीबी. दिवसाला २ जीबी नेट असेल तर एक लग्न वर चढायला २५ दिवस लागतील, तेही घरच्यांनी मोबाइलला हात न लावता. तोवर नवरी पहिल्या माहेरपणाला येऊन जाईल. तुम्हाला क्लासिकच लागेल.

दुसरं. ते भाड्याने मिळतं, विकत नाही. ‘महिन्याला इतके’ असं लिहिलेलं असलं तरी बहुतेक वेळा तो वर्षाचा करार असतो, फक्त हप्ता महिन्याचा. मध्येच सोडलं तर दंड लागतो. ही बाब ग्राहकांना नीट दिसू दिली नाही म्हणून अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाच्या तक्रारीवरून २०२४ च्या जूनमध्ये अडोबीवर खटलाही भरला गेला. म्हणजे ‘सीझनपुरतं दोन महिने घेतो’ हा विचार असेल तर अटी आधी वाचा.

भाडं थांबवलं तर फोटो जात नाहीत, ही भीती मात्र काढून टाका. क्लासिक उघडतं, लायब्ररी दिसते, एक्सपोर्टही होतं; डेव्हलप, म्हणजे फोटो सुधारायचा भाग, बंद होतो. घर तुमचंच, स्वयंपाकघराला कुलूप.

कापूसकोंड्या

स्वयंपाकघराला कुलूप 😄 समजलं. पण ८ जीबीवर चालेल का?

वाशीमकर_सध्या_पुणे

चालेल. ८ जीबी ही त्यांची किमान अट आहे, धावायला १६ लागते. नवं डिनॉइझ (फोटोतले दाणे काढणारं) वापरायचं असेल तर ग्राफिक कार्डाशिवाय एकेका फोटोला कित्येक मिनिटं जातात. तुमच्या जागी मी असतो तर आधी १६ जीबी रॅम आणि एसएसडी टाकली असती. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, तो खर्च वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट कोणी सांगणार नाही. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि सहाव्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. अडोबी लिनक्सवर चालत नाही. त्यामुळे आज वर्षाचा करार केलात तर मागोमाग मशीनही बदलावं लागेल.

गुर्जी_निवृत्त

मी अजून पिकासा वापरतो. गूगलने २०१६ मध्ये बंद केले, पण माझ्या संगणकावर त्याला कोणी सांगितले नाही.

तर्रीपोहा

गुरुजी 🙏😂

मोहर्लीचा_जिप्सीवाला

भाऊ, मी ताडोब्यात गाडी चालवतो अन् सीझनले पाहुण्याइच्या मागं स्वतःबी फोटू काढतो. सेकंडहँड निकॉन. एक पैसा सॉफ्टवेअरले देल्ला नाई आजपर्यंत. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट येते, २०२१ पासून. तुमच्या कॅननचंबी हाये, डिजिटल फोटो प्रोफेशनल, डीपीपी म्हणतात त्याले. डाउनलोड करतानी कॅमेऱ्याचा सीरियल नंबर मांगते, तो खालच्या पट्टीवर असते, चष्मा लावून वाचा.

त्याचा फायदा असा का कॅमेऱ्याच्या मांगच्या स्क्रीनवर जो रंग दिसते तोच रंग उघडल्यावर दिसते. कंपनीचं घरचंच असल्यानं. बाकी सॉफ्टवेअरवाले अंदाजानं रंग लावतात. रॉ नवीन शिकून राह्यले असान त याच्यापासूनच सुरू करा. एक्सपोजर (उजेड कमी-जास्त), व्हाइट बॅलन्स (पांढरं ते पांढरंच दिसाव म्हणून रंग जुळवनं), लेन्सचं करेक्शन, बस. ब्रश-मास्कच्या (फोटूच्या एकाच भागाले हात लावाच्या) नादी लागाल त त्याचं काम नाई.

अन् एक. वाघ दिसला का पाहुणे एका दमात तीनशे फोटू मारतात. तीनशेतून तीन निवडणं हेच खरं एडिटिंग हाये. बाकी रंगरंगोटी.

रॉ जपून ठेवा. मोठ्या वन्यजीव स्पर्धेत फोटू शेवटच्या फेरीत गेला का मूळ रॉ मांगतात. माया ओळखीच्या एकानं डिलीट करून टाकली होती, जेपीईजी घेऊन बसला.

रानवाटा

मी मेळघाटात धारणीकडे काम करते. गावातल्या बैठका, कुपोषणाची शिबिरं, शाळा, होळी आणि मेघनाथाची जत्रा यांचे फोटो नोंदीसाठी काढते. पाच वर्षांपासून डार्कटेबल वापरते. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. माझा लॅपटॉप कापूसकोंड्या भाऊंच्या मशीनपेक्षा गरीब आहे, त्यामुळे मी आता लिनक्सवरच आहे.

आधी वाईट सांगते. पहिला महिना रडवतं. रॉ उघडला की फोटो पाणी घातलेल्या वरणासारखा फिका दिसतो, कारण कॅमेरा जेपीईजीला जो मसाला लावतो तो इथे लावलेला नसतो. डाव्या-उजव्या बाजूला पन्नास-साठ मॉड्यूल (एकेका कामाचं एकेक अवजार), नावं विज्ञानाच्या पेपरसारखी. लोक इथेच सोडून देतात. मीही दोनदा सोडलं होतं.

मग एक दिवस ठरवलं की फक्त पाच मॉड्यूल वापरायची: एक्सपोजर, सिग्मॉइड, कलर कॅलिब्रेशन, टोन इक्वलायझर आणि लेन्स करेक्शन. बाकीची लपवून टाकली (ती सोय आहे). सिग्मॉइडच्याच कामाचं फिल्मिक नावाचं मॉड्यूल आहे, त्याच्या मागे लागू नका, सिग्मॉइडला दोनच मुख्य स्लायडर आहेत. एक फोटो मनासारखा झाला की त्याची हिस्टरी (केलेल्या बदलांची यादी) कॉपी करायची आणि तशाच उजेडातल्या शंभर फोटोंवर पेस्ट करायची. लाइटरूमच्या सिंकपेक्षा वेगळं काही नाही.

आता मी ते का सोडलं नाही. डार्कटेबल प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी एक्सएमपी फाइल ठेवतं. त्या फोटोवर काय काय केलं ते सगळं त्यात असतं. काही केबींची फाइल. गेल्या पावसाळ्यात माझा लॅपटॉप बंद पडला, तो पडलाच. फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर होते, एक्सएमपी त्यांच्या शेजारीच. नव्या लॅपटॉपवर फोल्डर उघडलं, पाच वर्षांचं काम जागच्या जागी. भाऊ, तुमचं नुकसान वाचलं तेव्हा हेच आठवलं. सॉफ्टवेअर कितीही भारी असू द्या, आपली मेहनत ते कुठल्या फाइलीत ठेवतं हे पहिल्या दिवशी विचारायचं. (सेटिंगमध्ये एक्सएमपी लिहिणं चालू आहे ना, ते मात्र बघून घ्या.)

वाशीमकर_सध्या_पुणे

रानवाटा ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोड देतो. लाइटरूम क्लासिक हे सगळं एका कॅटलॉगमध्ये ठेवतं, एकच फाइल. लाइन गेली, लिहिता लिहिता मशीन बंद पडलं, कॅटलॉग बिघडला, तर सगळं काम एकदम अडकतं. बंद करताना ते बॅकअप विचारतं, लोक घाईत ‘स्किप’ दाबतात. आणि जे दाबत नाहीत त्यांचा समज असतो की फोटोंचाही बॅकअप झाला! तो फक्त कॅटलॉगचा असतो, फोटोंचा नाही. या एका गैरसमजापायी किती लोक रडले आहेत.

क्लासिकमध्येही एक्सएमपी आपोआप लिहिण्याची सोय आहे, कॅटलॉग सेटिंगमध्ये टिक करावी लागते. मूळची बंद असते.

आणि भाऊ, एक यूपीएस घ्या. इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या क्षणात जुना डेस्कटॉप बंद पडतो.

झाडीपट्टीकर

नमस्कार जी. मी गडचिरोलीकडच्या वडसा भागातला. दिवाळीनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) सुरू झाली का रात्रभर नाटकं, मी नाटक कंपन्यांचे फोटो काढतो पोस्टरसाठी. अलीकडं सगळ्या स्टेजवर एलईडी लाइट आले. निळा लाइट पडला का हिरोइनचं तोंड जांभळ्या पाटीसारखं होते जी, नाक-डोळे काहीच दिसत नाही. जुन्या पिवळ्या लाइटात असं नव्हतं होत. हे कोनत्या सॉफ्टवेअरनं निघते?

रानवाटा

झाडीपट्टीकर दादा, हे बरंचसं कॅमेऱ्यातच वाचवावं लागतं. एलईडीच्या गडद निळ्यात फक्त निळा चॅनेल (निळ्या रंगाची नोंद) भरतो आणि तो आधी फुटतो, म्हणजे काठोकाठ भरून तपशील जातो. लाल-हिरव्यात जवळजवळ काहीच नसतं, त्यामुळे चेहऱ्याचा उंचसखलपणा नोंदलाच जात नाही. कॅमेऱ्यावर साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) न बघता तीन रंगांचा वेगवेगळा बघा. निळा उजव्या भिंतीला टेकला की उजेड एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) कमी करा, फोटो काळा वाटला तरी. रॉ असेल तर नंतर उचलता येतो.

नंतर डार्कटेबलच्या कलर कॅलिब्रेशनमध्ये गॅमट कॉम्प्रेशन (फार गडद रंग आवरणारं) आहे, ते वाढवलं की जांभळी पाटी बरीच मोडते. तरी नाही जमलं तर कृष्णधवल करा. स्टेजचे फोटो त्यात उलट खुलतात.

झाडीपट्टीकर

कृष्णधवल पोस्टर कंपनीवाला घेत नाही जी 😀 पन एक स्टॉप कमी करून पाहतो.

तर्रीपोहा

हे सगळं ठीक हाये, पन लग्नवाल्याले मास्क लागते, त्वचा साफ करा लागते. डार्कटेबलमध्ये नवरीचे पिंपल काढून दाखवा एकदा. अन् घरचे सांगतात ना, “पोरगी जरा गोरी करजा बाप्पा.” एआय मास्कनं चेहरा एका क्लिकमध्ये पकडला जाते लाइटरूममध्ये. सीझनले रोज एक लग्न, कोण बसते इथी पाच मॉड्यूल शिकत?

रानवाटा

पिंपल डार्कटेबलच्या रीटचमध्येही निघतात. पण वेगाच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे, माणूस ओळखून आपोआप मास्क करण्यात लाइटरूम पुढे आहे. मला रोज एक लग्न करायचं नसतं, म्हणून मला हातानं मास्क काढणं परवडतं.

गोरं करण्याचं मात्र मला पटत नाही. बऱ्याचदा पोरगी काळी दिसत नसते, फोटो हिरवा झालेला असतो! हिरव्या-गुलाबी कापडाच्या मांडवातून ऊन गाळून येतं आणि चेहऱ्यावर बसतं. व्हाइट बॅलन्स नीट केला की घरचे स्वतःच म्हणतात, हो, आमची पोरगी अशीच दिसते.

मोहर्लीचा_जिप्सीवाला

व्हाइट बॅलन्स आजोबाच्या टोपीवर मारा. मांडवात सगळ्यात पांढरी वस्तू तेच असते.

गुर्जी_निवृत्त

टोपीवर मारू नये. टोपीला आमच्या घरी नीळ देतात. नीळ दिलेले कापड पांढरे दिसते कारण ते किंचित निळे असते. त्यावर व्हाइट बॅलन्स घेतला तर सॉफ्टवेअर ती निळाई काढायला जाते व नवरी पिवळी पडते. हळदीच्या दिवशी कदाचित कोणाच्या लक्षात येणार नाही. त्यापेक्षा करड्या रंगाचे ग्रे कार्ड मिळते, ते नवरीच्या हातात देऊन एक फोटो घ्यावा.

(पिकासात हे मी वरणभातासारखे करतो.)

वाशीमकर_सध्या_पुणे

गुरुजी, तुम्ही पिकासा सोडू नका, आम्हीच तुम्हाला सोडणार नाही. नीळ देण्याचा मुद्दा मला आजवर सुचला नव्हता. हल्लीच्या डिटर्जंटमधल्या चमक आणणाऱ्या रसायनांनीही असंच होतं, शर्ट निळसर येतात.

यावरून आठवलं, जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सॲपवर निम्मे लोक म्हणत होते फोटोशॉप आहे. प्रत्यक्षात खारेपणा वाढल्याने त्यातले सूक्ष्मजीव वाढले होते, पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं. पण त्याच आठवड्यात तो गुलाबी आणखी चढवून पाठवणारेही होतेच, त्यामुळे न मानणाऱ्यांना तरी दोष कसा द्यायचा? रानवाटा ताई, तुमच्या शिबिरांच्या फोटोंना या कारणानेही मूळ रॉ जवळ असलेली बरी.

अल्बमवाली_अकोला

उशिरा आले, पण मुख्य गोष्ट कोणी विचारलीच नाही. भाऊ, अल्बम कशात लावता?

मी अल्बम डिझाइन करते, आजूबाजूच्या तालुक्यांतले फोटोग्राफर पेन ड्राइव्ह पाठवतात. १२ बाय ३६ चं एक पान ३०० डीपीआयला म्हणजे ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल. त्यात दहा फोटो, चौकटी, फुलं, सावल्या. हे काम लाइटरूमचं नाही आणि डार्कटेबलचंही नाही. ते दोन्ही फोटो ‘धुण्याची’ मशिनं. पानं लावायला थरांचं सॉफ्टवेअर लागतं, फोटोशॉपसारखं. बाजारात मिळणारे सगळे टेम्प्लेट पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइली.

फोटोशॉप सोडायचंच असेल तर माझ्या पाहण्यात दोन वाटा आहेत. एक अफिनिटी. पूर्वी ती विकत मिळायची, २०२४ मध्ये कॅनव्हाने कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केली. कॅनव्हाचं खातं काढावं लागतं, एआयच्या सोयींना पैसे. पीएसडी उघडते, थर बहुतेक जागेवर येतात, एखाद्या अक्षराची सावली-चमक बिघडते. फोटोशॉपच्या ॲक्शन (एकदा नोंदवून पुन्हा पुन्हा चालवायच्या कृती) मात्र चालत नाहीत. तुमची पासपोर्टची ॲक्शन असेलच, ती नव्याने बसवावी लागेल. अफिनिटीत त्याच कामाचे मॅक्रो करता येतात.

दुसरी वाट गिंप. पूर्वी मी लोकांना नको म्हणायचे, कारण त्यात इफेक्ट एकदा लावला की लावला, मागे जाऊन बदलता यायचा नाही. मार्च २०२५ मध्ये गिंप ३ आलं आणि फिल्टर नंतरही बदलता येऊ लागले. रूप अजून ओबडधोबड आहे. पण एक गोष्ट आपल्या कामाची: युनिकोड मराठी (मोबाइलवर टाइप करतो ती) त्यात नीट उमटते. जुन्या फोटोशॉपमध्ये ‘शुभविवाह’ टाइप केलं की वेलांटी भलतीकडे, नावांतली जोडाक्षरं फुटलेली. म्हणून तर आपण सगळे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत अडकलो, आणि नवरदेवाचं नाव व्हॉट्सॲपवरून कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नंतरच्या फोटोशॉपमध्येही बरीच वर्षं सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय चालू करावा लागायचा, तो बहुतेकांना माहीत नसायचा.

आणि लॅबला फाइल देताना रंगांचा प्रकार एसआरजीबी, ८ बिट, जेपीईजी. कॅमेऱ्यात कोणी अडोबी आरजीबी हा दुसरा प्रकार करून ठेवला असेल आणि लॅबचं मशीन ते वाचत नसेल तर छापून येताना रंग मेलेले येतात. मग फोटोग्राफर मला फोन करतो.

तर्रीपोहा

ताई, वाढदिवसाचे फ्लेक्स कशात बनवू?

अल्बमवाली_अकोला

ते कोरलड्रॉवाल्याला विचारा. आणि माझा नंबर कोणाला देऊ नका.

कापूसकोंड्या

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. मध्ये लग्नं होती, आणि ऊन असं की दुपारी दुकानात कूलर लावूनही कॉम्प्युटरचा पंखा ट्रॅक्टरसारखा वाजत होता. त्यामुळे एडिटिंग पहाटे चार ते आठ, लाइन असते तेव्हा.

तुम्ही सांगितलं ते सगळं करून पाहिलं. सासऱ्यांकडच्या एका लग्नाचे चाळीस रॉ घेतले (त्यांची परवानगी आहे, आणि बिघडलं तरी घरातलेच), आणि तेच चाळीस तीन ठिकाणी केले.

डीपीपीत पहिल्या दिवशीच रंग आवडले. जिप्सीवाले भाऊ, कॅमेऱ्याच्या स्क्रीनसारखेच रंग येतात हे खरं आहे. पण हळदीचा पिवळा उजळ करायला गेलो की बायकांच्या साड्याही उजळायच्या, एकाच भागाला हात लावणं मला जमेना. शिवाय सेकंड शूटर पोराचा निकॉन आहे, त्याच्या रॉ त्यात उघडतच नाहीत. हे मला कळायला हवं होतं.

लाइटरूम क्लासिकचं सात दिवसांचं मोफत घेतलं. डाउनलोडलाच एका दिवसाचं नेट गेलं. तर्रीपोहा भाऊ, तुमचं खोटं नाही, सगळ्यात लवकर मी त्यातच शिकलो. चाळीसचे चाळीस एका बैठकीत झाले. चेहऱ्याचा मास्क पाहून पुतण्या ओरडलाच. माझ्या मशीनवर मास्क लावताना मात्र प्रत्येक वेळी थांबत होतं, आणि करार वर्षाचा. आठ महिने माझ्याकडे पासपोर्ट फोटोशिवाय काही नसतं. तेव्हा तो हप्ता कशातून काढायचा, हा हिशोब माझ्या वहीत जमला नाही.

डार्कटेबलने पहिले चार दिवस खरंच रडवलं. रानवाटा ताई, पाणी घातलेलं वरण अगदी बरोबर. पाच मॉड्यूल ठेवली, बाकी लपवली. पाचव्या दिवशी तो पांढरा फेटा परत आला! जेपीईजीत नुसता पांढरा डाग होता, रॉमध्ये एक्सपोजर खाली ओढल्यावर त्यावरची जर दिसली, चुण्या दिसल्या. नवरदेवाच्या आईला दाखवलं तर त्यांनी फेट्याचं काही पाहिलं नाही, मागे उभ्या असलेल्या नणंदेने कोणती साडी नेसली ते पाहिलं.

तर ठरलं असं: रॉ डार्कटेबलमध्ये, अल्बमची पानं अफिनिटीत. अफिनिटीत पासपोर्टचा मॅक्रो बसवायला पुतण्याला दोन संध्याकाळी लागल्या, आता ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचे आठ फोटो ४ बाय ६ वर बसतात. जे पैसे वाचले त्यातून १६ जीबी रॅम, एसएसडी आणि यूपीएस. दोन बाहेरच्या हार्डडिस्क, एक दुकानात, एक घरी आईच्या कपाटात. लग्नाहून आलो की कार्ड रिकामं करायच्या आधी दोन्हीकडे कॉपी. मशीन सीझन संपला की लिनक्सवर नेतो, तेव्हा पुन्हा छळेन. अफिनिटी लिनक्सवर येत नाही हे पुतण्याने आताच सांगितलंय, म्हणून गिंपही शिकतोय बाजूबाजूने.

एक अडचण उरली. लॅबमधून पहिली पानं आली ती सगळी काळपट. स्क्रीनवर छान दिसत होती. लॅबवाला म्हणतो फाइल तशीच आहे.

अल्बमवाली_अकोला

स्क्रीनचा ब्राइटनेस किती आहे?

कापूसकोंड्या

पूर्ण. दुकानाचं शटर उघडं असतं, उजेड येतो, नाहीतर दिसत नाही.

अल्बमवाली_अकोला

मग लॅबवाला बरोबर आहे. पूर्ण ब्राइटनेसवर अंधारा फोटोही उजळ दिसतो, तुम्ही त्याला आणखी खाली आणता, कागदाला काही मागून दिवा नसतो. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) महाग पडेल, तोवर असं करा. एका फाइलचा ४ बाय ६ चा प्रिंट लॅबमधून आणा, काही न बदलता. तो हातात धरून स्क्रीनवर तीच फाइल उघडा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. तिथे मार्करने खूण करून ठेवा. आणि स्क्रीन शटरच्या उजेडाकडून आतल्या भिंतीला वळवा. भिंतीचा रंग कोणता?

कापूसकोंड्या

भगभगीत पोपटी. मागच्या पोळ्याला रंगवली.

अल्बमवाली_अकोला

अरे देवा.

गुर्जी_निवृत्त

करडा डिस्टेंपर मिळतो. व्हाइट बॅलन्सही तिथेच घेता येईल.

कापूसकोंड्या

😂 गुरुजी, पुढच्या पोळ्याला नक्की. तोवर भिंतीवर जुनी करडी चादर टांगतो. प्रिंट आणून खूण करतो आणि काय झालं ते सांगतो. उद्या दिग्रसला साक्षगंध आहे, आत्ता लाइन आलीये तोवर बॅटऱ्या चार्जिंगला लावून घेतो.